पुण्याचा वाटा, पापाचा वाटा

कंपनीने समाजासाठी आणि निसर्गासाठी काही केले, तर त्या कंपनीत काम करणारा माणूस आपल्या रोजच्या कामात निसर्गाला अधिक जपू लागतो का? व्यवस्थापनशास्त्राने गेल्या दोन दशकांत या प्रश्नाचा बराच अभ्यास केला आहे आणि त्याचे उत्तर बहुतांशी होकारार्थी आले आहे. पण तेवढ्याने प्रश्न संपत नाही. संस्थेच्या सत्कृत्याने माणसाचे आचरण बदलते, म्हणजे एकाचे पुण्य कुठल्या तरी वाटेने दुसऱ्यापर्यंत पोचते. ते पोचल्यावर खरोखर त्या माणसाचे होते का, आणि ज्या वाटेने पुण्य येते त्याच वाटेने पापही येते का, हे प्रश्न धर्मविचाराचे आणि नीतिशास्त्राचे आहेत. भारतीय परंपरेतली त्यांची चर्चा कंपनी नावाची वस्तू अस्तित्वात येण्याच्या कितीतरी आधीची आहे, तरी ती आजच्या कारखान्याला लागू पडते.

नोकरदाराचे पर्यावरणस्नेही वर्तन अभ्यासक दोन भागांत पाहतात. एक नेमून दिलेले. सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पावरच्या ऑपरेटरने ठरल्या वेळी पाण्याचा पीएच मोजून वहीत लिहायचा, तेलकट चिंध्या आणि रंगाचे रिकामे डबे घातक कचऱ्याच्या पिंपातच टाकायचे, बॉयलरची राख उघड्यावर ओतायची नाही. हे केले नाही तर जाब द्यावा लागतो. दुसरे आपखुशीचे. जेवणाच्या सुटीत मशीन रिकामी फिरत ठेवायची नाही, कागदाच्या दोन्ही बाजू वापरायच्या, शेवटी निघणाऱ्याने एसी बंद करायचा. हे कोणी मोजत नाही आणि न केल्याबद्दल कोणी विचारत नाही. यातले काही फार मोलाचे असते. कॉम्प्रेस्ड एअरच्या पाइपाला बारीक भोक पडले तर त्याची शिटी बहुधा त्या मशीनवर उभ्या असलेल्या माणसालाच ऐकू येते. कॉम्प्रेसरला दिलेल्या विजेचा मोठा भाग उष्णता होऊन निघून जातो, त्यामुळे ही हवा कारखान्यातली फार महागडी ऊर्जा असते. गळती मेंटेनन्सला कळवायची की शिफ्ट संपेपर्यंत तिकडे दुर्लक्ष करायचे, हे त्या माणसाच्या मनावर असते. कॅनडातले अभ्यासक ऑलिव्हिए बुआराल यांनी २००९ मध्ये हाच मुद्दा मांडला. पर्यावरणाचे प्रश्न इतके विखुरलेले आणि बारीकसारीक असतात की ते नियमांच्या पुस्तकात मावत नाहीत, म्हणून संस्थेची सुधारणा पुष्कळशी आपखुशीच्या वागण्यावर अवलंबून राहते. डेनिझ ओनेस आणि स्टीफन डिल्चर्ट यांनी २०१२ च्या सुमारास केलेल्या वर्गीकरणात बचत करणे आणि हानी टाळणे यांच्या जोडीला इतरांना प्रवृत्त करणे आणि पुढाकार घेणे यांनाही जागा आहे. पुढाकार म्हणजे प्रसंगी स्वतःला तोशीस लागली तरी निसर्गाचे हित पुढे ठेवणे.

कंपनीच्या सामाजिक कार्याचा, म्हणजे सीएसआरचा, परिणाम मुख्यतः या दुसऱ्या प्रकारच्या वागण्यावर दिसतो. तो कसा घडतो, याची तीन स्पष्टीकरणे दिली जातात. सर्वांत बळकट स्पष्टीकरण आपलेपणाचे आहे. हेन्री ताजफेल आणि जॉन टर्नर यांनी १९७९ मध्ये मांडले की माणूस स्वतःची ओळख आपल्या गटावरून ठरवतो आणि गटाची प्रतिष्ठा ही स्वतःची प्रतिष्ठा मानतो. १९८९ मध्ये ब्लेक अॅशफोर्थ आणि फ्रेड मेल यांनी तो विचार नोकरीच्या ठिकाणाला लावला. कंपनी चांगले काम करते असे दिसले की माणूस ‘आमची कंपनी’ म्हणू लागतो, आणि एकदा ती आमची झाली की तिचे जे ध्येय तेच त्याचे होते. दुसरे स्पष्टीकरण देवाणघेवाणीचे, पीटर ब्लाऊ यांच्या १९६४ च्या सिद्धांतावर उभे असलेले. संस्था आपल्याशी आणि जगाशी नीट वागते, तर आपणही परतफेड केली पाहिजे, अशी भावना त्यामागे असते. तिसरे उदाहरणाचे. थोर माणूस जसे वागतो तसे इतर वागतात, हा गीतेच्या तिसऱ्या अध्यायातला विचार मराठी वाचकाला नवा नाही. त्याच संदर्भात येणाऱ्या लोकसंग्रहाच्या कल्पनेवर लोकमान्य टिळकांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त मोठा भर दिला. ज्ञानी माणसाने स्वतःला गरज नसली तरी कर्म करावे, कारण त्याच्याकडे पाहून लोक मार्गाला लागतात. कंपनीतला वरिष्ठ हा अर्थातच गीतेतला ज्ञानी नव्हे, पण पाहणाऱ्यांच्या दृष्टीने त्याचे स्थान तेच असते. कंपनीच्या धोरणपत्रिकेपेक्षा प्लांट हेड स्वतः नळ बंद करतो की नाही, हे लोक आधी पाहतात.

तियान आणि रॉबर्टसन यांच्या २०१९ मधल्या अभ्यासात पहिले स्पष्टीकरण नीट तपासले गेले. नोकरदाराला कंपनीची सामाजिक जबाबदारी जितकी जाणवते तितका त्याचा कंपनीशी आपलेपणा वाढतो, त्या आपलेपणातून आपखुशीचे पर्यावरणस्नेही वर्तन वाढते, आणि ज्यांच्यात सहानुभूती अधिक त्यांच्यात हा परिणाम अधिक, असे त्यात आढळले. अशा निष्कर्षांकडे पाहताना एक सावधगिरी हवी. या क्षेत्रातले बहुतेक अभ्यास प्रश्नावलींवर चालतात. कंपनी कशी वाटते हे नोकरदारच सांगतो आणि आपण कसे वागतो हेही तोच सांगतो. ज्याला मुळातच झाडापाण्याची ओढ आहे त्याला कंपनीचे वनीकरण चटकन दिसते, ज्याला नाही त्याच्या ते ध्यानातही येत नाही. त्यामुळे कारण कोणते आणि कार्य कोणते, हे प्रश्नावलीवरून पक्के ठरत नाही. आणखी एक गोष्ट अधिक गंभीर आहे. या अभ्यासांत मोजला जातो तो कंपनीचा प्रत्यक्ष चांगुलपणा नसतो, तो नोकरदाराला जाणवलेला चांगुलपणा असतो. आचरण बदलायला जाणीव पुरते. ती खोटी असली तरी काही काळ पुरते.

इथून प्रश्न धर्मविचाराच्या हद्दीत जातो. एकाच्या कर्माचे फळ दुसऱ्याला मिळते का, याची दोन टोकाची उत्तरे परंपरेत आहेत. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात सांगितले आहे की प्रजेचे रक्षण करणाऱ्या राजाला तिच्या पुण्याचा सहावा हिस्सा मिळतो आणि रक्षण न करणाऱ्याला तिच्या पापाचा सहावा हिस्सा. इथे पुण्य-पाप करासारखे वसूल होते, आणि लक्षात घेण्यासारखे हे की दोन्हींचा दर एकच आहे. दुसऱ्या टोकाला बुद्धांची भूमिका आहे. कर्म म्हणजे चेतना, म्हणजे करण्यामागचा संकल्प, आणि संकल्प दुसऱ्याच्या मनात उचलून ठेवता येत नाही. मग थेरवादी बौद्ध समाजात दुसऱ्याच्या दानात आनंद मानून पुण्य मिळवण्याची प्रथा कशी रुजली? तिचे समर्थन असे केले जाते की पुण्य एका माणसाकडून दुसऱ्याकडे सरकत नाही. दुसऱ्याचे सत्कृत्य पाहून मनापासून होणारा आनंद ही पाहणाऱ्याची स्वतःची चेतना आहे, ती त्याचे स्वतःचे कुशल कर्म आहे. अनुमोदन हेही एक कर्मच.

हे उत्तर आजच्या प्रश्नाला फार उपयोगी आहे. कंपनीने तलावातला गाळ काढला म्हणून तिथला अकाउंटंट पुण्यवान होत नाही. पण त्या कामाला त्याने मनापासून होकार दिला, आणि त्या होकाराने त्याच्या हातून टेबलावरचा दिवा बंद झाला, तर तो होकार आणि ते बंद करणे दोन्ही त्याची आहेत. आपलेपणाचे मानसशास्त्र ज्याला गटाशी एकरूपता म्हणते, त्याचा नैतिक गाभा हे अनुमोदन आहे.

जैन आचारशास्त्राने आणि पतंजलीच्या योगसूत्रांनी याची दुसरी बाजूही सांगून ठेवली आहे. हिंसा तीन प्रकारांनी घडते: स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि दुसऱ्याने केलेली पाहून मान्य केलेली. कृत, कारित, अनुमोदित. जैन साधूचे व्रत या तिन्हींना मन, वाणी आणि शरीर यांनी गुणून नऊ अंगांनी पाळायचे असते. पतंजलीने त्यात आणखी एक भर घातली. हे दोष मृदू, मध्यम आणि तीव्र अशा मात्रांचे असू शकतात. कारखान्याच्या संदर्भात हे विभाजन विलक्षण नेमके ठरते. मुसळधार पाऊस पडत असताना, रात्रीच्या पाळीत, प्रक्रिया न केलेले सांडपाणी नाल्यात सोडले गेले असे समजा. व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या हाताचे ते कृत. तसा इशारा देणाऱ्या अधिकाऱ्याचे कारित. टाकी सकाळी रिकामी कशी झाली हे ओळखून गप्प राहिलेल्या बाकीच्यांचे अनुमोदित. आणि मात्राही सर्वांची सारखी नाही. नोकरी जाईल या भीतीने गप्प राहिलेला कामगार आणि बोनसच्या हिशेबाने गप्प राहिलेला व्यवस्थापक यांचे मौन एकाच तराजूत घालणे अन्यायाचे होईल. पण दोन्ही मौने या विभाजनाच्या आतच येतात, बाहेर कोणीही उरत नाही.

वाल्या कोळ्याची कथा महाराष्ट्रात लहान मुलांनाही ठाऊक असते. वाल्मीकि रामायणात ती नाही. नंतरच्या परंपरेत ती रूढ झाली आणि अध्यात्मरामायणात तिचे एक रूप आढळते. मराठी रूपात नारद वाल्याला घरी पाठवतो आणि तुझ्या पापात बायकामुले वाटेकरी आहेत का, हे विचारून यायला सांगतो. ती नाही म्हणतात. पोसणे हे तुमचे कर्तव्य, कसे पोसता ते तुमचे तुम्ही पाहा. कथेचा सगळा रोख वाल्याच्या पश्चात्तापाकडे असल्याने घरच्यांच्या उत्तरापाशी सहसा कोणी थांबत नाही. नोकरदाराची जागा मात्र बहुतेक वेळा वाल्याची नसतेच, त्याच्या घरच्यांची असते. निर्णय दुसऱ्याने घेतलेला असतो, मिळकत घरी येते, आणि ती कशी आली हे विचारले नाही तर दिवस सुखाने जातो. एक फरक मात्र मोठा आहे. वाल्याच्या घरच्यांनी कोणत्याही पुण्यात वाटा मागितला नव्हता. आधुनिक कंपनी आपल्या माणसांना सत्कृत्यात वाटेकरी व्हा असे आवर्जून सांगते, त्यासाठी टी-शर्ट वाटते, रोपे लावताना त्यांची छायाचित्रे काढते. एकदा हा वाटा स्वीकारला की घरच्यांचे ते जुने उत्तर देण्याचा अधिकार राहत नाही. झाडे आमची आणि नाला कंपनीचा, असे म्हणता येत नाही.

भारतातल्या कायद्यामुळे हा ताण विशेष स्पष्ट होतो. कंपनी कायदा, २०१३ चे कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. ज्या कंपनीचे नक्त मूल्य ५०० कोटी रुपये, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी वा त्याहून अधिक आहे, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करायची असते. कोणत्या कामांवर, ते सातव्या परिशिष्टात दिले आहे आणि पर्यावरणाचे रक्षण त्यात आहे. मात्र कंपनीच्या नेहमीच्या व्यवसायाच्या ओघात केलेली कामे यात धरली जात नाहीत आणि स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्याची कामेही नाहीत. कायद्याचे हे म्हणणे योग्यच आहे. सांडपाणी शुद्ध करणे हे १९७४ च्या जल कायद्याने आणि धूर आटोक्यात ठेवणे हे १९८१ च्या हवा कायद्याने घातलेले बंधन आहे, तो दानधर्म नव्हे. स्वतःची घाण साफ करण्याचा खर्च कोणी सामाजिक कार्य म्हणून दाखवू लागला तर कलमाला काही अर्थ उरणार नाही. तरीही या योग्य तरतुदीची एक सावली पडते. ‘जबाबदारी’ हे नाव ज्या कामांना मिळाले ती सगळी कंपनीच्या फाटकाबाहेर आहेत आणि नोकरदाराचा दिवस जातो फाटकाच्या आत. दत्तक घेतलेल्या गावातला बंधारा त्याला फार तर फोटोत दिसतो. सांडपाणी प्रक्रियेच्या टाकीवरचा फेस रोज समोर असतो. फाटकाबाहेरचे काम आणि आतले काम यांत विसंगती असेल, तर ती सर्वांत आधी त्याच्याच लक्षात येते, लेखापरीक्षकाच्या किंवा पत्रकाराच्या नव्हे.

कायद्याच्या दोन टक्क्यांआधी या देशात जबाबदारीची एक व्यापक कल्पना होती. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. तिथे कामगारांसाठी निवृत्तिवेतनाची आणि अपघात-भरपाईची व्यवस्था कायद्याने सक्ती करण्याच्या कितीतरी आधी झाली. ती गिरणीच्या आतली, गिरणीतल्याच माणसांची सोय होती. गांधीजींची विश्वस्तपणाची कल्पना याहून पुढे जाते. गीतेतल्या अपरिग्रहाचा अर्थ आपल्याला इंग्रजी कायद्याच्या अभ्यासाने उलगडला, असे त्यांनी आत्मकथेत नोंदवले आहे. विश्वस्ताच्या ताब्यात कोट्यवधींची मालमत्ता असली तरी तिचा एक कणही तो आपला मानत नाही. या दृष्टीने पाहिले तर नफ्यातला कोणता हिस्सा समाजाचा, हा प्रश्नच उरत नाही. भांडवल, यंत्र, पाणी, हवा, कामगाराचे श्रम हे सगळेच दुसऱ्याच्या वतीने सांभाळायचे असते. आणि मग जो कोणी त्यातला काही भाग हाताळतो तो त्या भागाचा विश्वस्त ठरतो, मशीनवरचा कामगारही. दोन टक्क्यांच्या चौकटीत नोकरदार हा कंपनीच्या दानाचा साक्षीदार असतो. विश्वस्तपणाच्या चौकटीत तो सहकर्ता असतो.

कंपनीच्या मूळ उत्पादनाला धक्का न लावता नोकरदारांचे आचरण सुधारता येते का, याचे उत्तर थ्रीएम या अमेरिकी कंपनीच्या इतिहासात मिळते. १९७५ मध्ये तिने प्रदूषण रोखणे किफायतशीर असते या सूत्रावर एक कार्यक्रम सुरू केला. त्याचा आधार नोकरदारांचा ऐच्छिक सहभाग हा होता. धुराड्याच्या किंवा नळाच्या तोंडाशी प्रदूषण अडवण्यापेक्षा ते मुळातच तयार होऊ नये म्हणून प्रक्रिया बदलायची, कच्चा माल बदलायचा, टाकाऊ माल पुन्हा वापरायचा. तंत्रज्ञ आणि कामगार यांनी सुचवलेले हजारो प्रकल्प त्यातून उभे राहिले. पर्यावरणाचा प्रश्न उद्योगांना नुकता कुठे जाणवू लागला होता, त्या काळात हे खरोखर मोठे काम होते आणि जगभरातल्या कारखान्यांनी त्याचे अनुकरण केले. त्याच दशकांत तीच कंपनी फ्लोरिनयुक्त रसायनांचा एक वर्ग बनवत होती. ती निसर्गात जवळजवळ विघटित होत नाहीत, म्हणून त्यांना आता ‘कायमची रसायने’ म्हणतात. २००० मध्ये तिने त्यातल्या एका महत्त्वाच्या गटाचे उत्पादन थांबवण्याचे जाहीर केले. २०१८ मध्ये मिनेसोटा राज्याशी ८५ कोटी डॉलरांचा समझोता झाला. २०२३ मध्ये पिण्याच्या पाण्यातल्या या रसायनांबद्दल अमेरिकेतल्या पाणीपुरवठा संस्थांना किमान सुमारे १,०३० कोटी डॉलर देण्याचे तिने मान्य केले, दोष मात्र मान्य केला नाही. २०२५ अखेर या संपूर्ण वर्गातून बाहेर पडण्याचा निर्णय तिने त्याआधीच जाहीर केला होता.

या दोन गोष्टी एकमेकींना खोडत नाहीत. द्रावक वाचवणाऱ्या, भट्टीचे इंधन कमी करणाऱ्या माणसांचे कर्म खरे होते आणि ते त्यांचेच होते. खोट होती ती वेगळ्या ठिकाणी. नोकरदाराच्या पुढाकाराला जिथपर्यंत मुभा होती ती सीमा कोणी आखली? कसे बनवायचे, हा प्रश्न सर्वांना खुला होता. काय बनवायचे, हा प्रश्न फार थोड्यांच्या हाती होता आणि त्या रसायनांच्या परिणामांची माहितीही फार थोड्यांकडे होती. ज्याची माहितीच नाही त्याचे अनुमोदनही नाही, हे मान्य केले पाहिजे. म्हणून कंपनीच्या जबाबदारीत सर्वांत आधी येते ते आपल्या माणसांना खरे सांगणे. आपलेपणा वाढवून माहिती मात्र दडवून ठेवणारी कंपनी, जे माणसाने कधी मान्य केले नसते, त्यातही त्याला भागीदार करून ठेवते.

जॉर्जिया राज्यातल्या इंटरफेस या गालिचे बनवणाऱ्या कंपनीने दुसरी वाट धरली. तिचे संस्थापक रे अँडरसन यांनी १९९४ मध्ये पॉल हॉकेन यांचे व्यापार आणि निसर्ग यांवरचे पुस्तक वाचले आणि २०२० पर्यंत कंपनीचा निसर्गावरचा वाईट परिणाम शून्यावर आणायचे ठरवले. ध्येय फाटकाच्या आतले होते. गालिच्याचा धागा कशाचा, पाठ कशाची, जुना गालिचा परत घेऊन त्याचे काय करायचे, हे प्रश्न डिझायनरपासून मशीनवरच्या माणसापर्यंत सर्वांच्या रोजच्या कामात आले. २०१९ मध्ये कंपनीने ध्येय गाठल्याचे जाहीर केले. त्या दाव्यात कार्बन ऑफसेटचाही, म्हणजे इतरत्र केलेल्या उत्सर्जन-कपातीच्या श्रेयाचाही, भाग होता, आणि त्यावर चर्चा होऊ शकते, व्हायलाही हवी. पण नोकरदाराच्या आचरणाच्या दृष्टीने फरक स्पष्ट आहे. इथे त्याला दुसरीकडे चाललेल्या सत्कृत्याला टाळ्या वाजवायच्या नव्हत्या. ते सत्कृत्य त्याच्याच हातातल्या कामाचे नाव होते.

सत्कृत्य हातातल्या कामापासून दूर राहिले तर त्याचा उलटा परिणामही होतो. बेनुआ मोनिन आणि डेल मिलर यांनी २००१ मध्ये प्रयोगांतून दाखवले की एकदा स्वतःचा चांगुलपणा सिद्ध झाला असे वाटले की माणूस पुढच्या वेळी अधिक सैल वागतो. जॉन लिस्ट आणि फातेमेह मोमेनी यांनी ही गोष्ट कामाच्या ठिकाणी तपासली. ऑनलाइन कामासाठी घेतलेल्या काही लोकांना आपली कंपनी धर्मादाय काम करते असे सांगितले गेले. त्यांच्यात काम टाळण्याचे आणि फसवण्याचे प्रमाण वाढले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष सगळीकडे लागू होतो असे नाही, कारण तिथले काम तात्पुरते होते आणि आपलेपणा रुजायला अवकाश नव्हता. तरी त्यातला इशारा धर्मशास्त्राला अनोळखी नाही. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात प्रायश्चित्ताबद्दल मतभेद नोंदवला आहे. अजाणता घडलेल्या पापालाच प्रायश्चित्त आहे असे काहींचे मत, तर जाणूनबुजून केलेल्यालाही आहे असे इतरांचे. दोन्ही पक्षांना पाप आधी घडलेले आणि आता थांबलेले असणे अभिप्रेत आहे. पुढच्या वर्षीचे प्रदूषण लक्षात घेऊन या वर्षी रोपे लावणे हे कोणत्याच पक्षाला प्रायश्चित्त म्हणून मान्य झाले नसते. फोक्सवॅगनचे उदाहरण इथे टाळता येत नाही. डिझेल गाड्यांच्या धूर-चाचणीला चकवणारे सॉफ्टवेअर सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत बसवल्याचे सप्टेंबर २०१५ मध्ये उघड झाले. त्याच महिन्यात एका नामवंत शाश्वतता-निर्देशांकात कंपनीला वाहन उद्योगात पहिले स्थान मिळाले होते, ते नंतर काढून घेण्यात आले. ते सॉफ्टवेअर माणसांनीच लिहिले, माणसांनीच तपासले.

हेतूचा प्रश्नही मागे लागतोच. वीज वाचवणारा नोकरदार बक्षिसासाठी वाचवतो की निसर्गासाठी? कांटने १७८५ मध्ये गिऱ्हाइकाला न फसवणाऱ्या दुकानदाराचे उदाहरण घेऊन म्हटले की धंद्याच्या हिताकरता पाळलेला प्रामाणिकपणा कर्तव्याला धरून असतो, पण कर्तव्यबुद्धीतून आलेला नसतो. नदीला या भेदाने काही फरक पडत नाही, तिला पाणी स्वच्छ मिळाले की पुरे. फरक पडतो तो पुढच्या दिवशी. एडवर्ड डेसी यांनी १९७१ मध्ये दाखवले की आवडीने केलेल्या कामाला पैसे जोडले आणि मग काढून घेतले, तर मूळची आवडही कमी होते. आपखुशीचे वागणे बहुतेक वेळा कोणी पाहत नसतानाच घडायचे असते आणि तिथे बक्षीस पोचत नाही. म्हणून कंपनीने आपल्या माणसांच्या हेतूची काळजी करणे हा निव्वळ सोवळेपणा नव्हे.

अनुमोदनाला मोल येते ते नकाराची मुभा असल्यावरच. जिथे ‘हे चूक आहे’ असे म्हणता येत नाही, तिथल्या होकाराचा अर्थ लावता येत नाही. कंपनी कायद्याच्या कलम १७७ ने शेअर बाजारात सूचीबद्ध कंपन्यांना गैरप्रकार कळवण्याची यंत्रणा ठेवायला आणि कळवणाऱ्याला संरक्षण द्यायला सांगितले आहे. कलम १६६ ने संचालकांच्या कर्तव्यांत भागधारकांच्या जोडीला कर्मचारी, समाज आणि पर्यावरण यांचे हितही घातले आहे. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना व्यवसाय जबाबदारी व शाश्वतता अहवाल बंधनकारक केला. त्यात बंधारे आणि रोपे यांच्यापेक्षा कंपनीने स्वतः किती वीज, किती पाणी वापरले, किती कचरा केला, हे विचारले जाते. फाटकाच्या आतली जबाबदारी अशा रीतीने निदान कागदावर आली आहे. हा अहवाल भागधारकांसाठी प्रसिद्ध होतो. तो कँटीनमध्ये मराठीत लावला गेला तर त्यातल्या आकड्यांची पारख सर्वांत चांगली तिथेच होईल.

शेवटी एक मोठा वर्ग उरतो, ज्याच्यापर्यंत वरचे बरेचसे विवेचन पोचत नाही. भारतातल्या अनेक कारखान्यांत घातक कचऱ्याची पिंपे हलवणे, टाक्या साफ करणे, स्क्रॅप वेगळे करणे ही कामे कंत्राटी कामगार करतात. पर्यावरणाच्या दृष्टीने सर्वांत नाजूक कामे त्यांच्या हातात असतात आणि कंपनी त्यांची नसते. गेट पास ठेकेदाराच्या नावाचा, पगार ठेकेदाराचा, वर्षअखेरीला दुसरीकडे जायचे. ‘आमची कंपनी’ हे शब्द त्यांच्या तोंडी येण्याचे कारण नाही, म्हणून आपलेपणाची वाट त्यांच्यासाठी जवळपास बंद असते. त्यांच्या हातून घडणारे बहुतेक सारे दुसऱ्या कोणाचे कारित असते, सांगितले म्हणून केलेले, आणि अनुमोदनाचा प्रश्न त्यांना कोणी विचारतही नाही. त्यांच्या बाबतीत उरतात त्या देवाणघेवाणीच्या आणि उदाहरणाच्या वाटा. पगार वेळेवर होणे, हातमोजे फाटल्यावर त्याच दिवशी नवे मिळणे, पिंपावरची धोक्याची सूचना वाचता येईल अशा भाषेत असणे, आत काय आहे हे विचारल्यावर सुपरवायझरने न रागावता सांगणे आणि उत्तर मिळेपर्यंत पिंप न उचलण्याची मोकळीक असणे, इतके झाले तर पिंप कुठे रिकामे करायचे याबद्दल त्या माणसाकडे काही मागता येते. त्याआधी त्याच्याकडून पर्यावरणस्नेही वर्तनाची अपेक्षा ठेवणारी कंपनी आपल्या वाट्याचे ओझे त्याच्या डोक्यावर देत असते.